तोफ आणि ड्रायरचं दार

आमची आत्या बोलायला लागली की समोरच्या सलूनमध्ये दाढीला बसलेलं गिऱ्हाईक मान वळवून बघतं, आणि वस्तरा वेळेवर उचलला गेला नाही तर त्याच्या गालावर रेघ उमटते. म्हणून सलूनवाल्यानंच तिचं नाव तोफ ठेवलं. तिला ते ठाऊक आहे. पिपाणी म्हणण्यापेक्षा तोफ बरी, एवढंच तिचं त्यावर म्हणणं.

आत्याची लाँड्री म्हणजे रस्त्याला तोंड करून बसलेली एक लांबुळकी खोली. आत शिरल्याबरोबर काउंटर, त्याच्यामागे आतोबांचं इस्त्रीचं टेबल, मग धुण्याची मशिनं आणि पार तळाला, भिंतीला पाठ टेकून, ड्रायर. वाफेनं भिंतीचे पोपडे निघालेले, पण फरशी अशी की खाली पडलेली सुई उभ्यानं दिसावी. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, उभी हयात त्या टेबलाशी उभे. बोलणं बेताचंच. तिनं बोलायचं आणि मी इस्त्री फिरवायची, अशी आमची वाटणी आहे, असं ते एकदा म्हणाले होते. एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून त्यानंतर बरीच वर्षं कुणी ऐकलं नाही.

आत्याचा सगळा जीव ओढण्यात. ओल्या चादरी ती मशिनातून अशी ओढून काढते, की मशीन एक पाऊल पुढे येतं. दारात घुटमळणाऱ्या गिऱ्हाइकाला मनगट धरून आत ओढते आणि त्याच्या पोटातली गोष्टही चहा व्हायच्या आत ओढून बाहेर काढते. काउंटरच्या खणाला आता मूठ नाही, सुतळीचा फास आहे. मूठ कुठे गेली ते सांगायला नकोच. अडलेली वस्तू दिसली की आत्याचे हात शिवशिवतात आणि दिशा एकच, स्वतःकडे.

ड्रायर मात्र तिचा लाडका. पूर्वी सगळी मदार उन्हावर होती आणि उन्हाचे नखरे तिला कधीच पटले नाहीत. ड्रायर आला आणि तिनं आभाळाकडे बघणंच सोडलं. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की ती ड्रायरचं ते गोल काचेचं दार सताड उघडायची, दाराच्या काठावर कोपर टेकायची आणि मग हळूहळू कोपरापाठोपाठ सगळी आत्याच त्यावर यायची. आतल्या उबेनं गुडघे शेकून निघतात म्हणे. तिथं रेलून ती तासन्‌तास गप्पा छाटायची. आत्या अंगानं भरलेली, आणि दार काही तिच्यासाठी घडवलेलं नव्हतं. आतोबांनी एकदोनदा सुचवून पाहिलं. दार माझं, गुडघे माझे, असं उत्तर मिळाल्यावर ते पुन्हा कॉलरींकडे वळले.

आता सुनेचं सांगतो. आत्याचा मुलगा कामासाठी परगावी असतो, सून इथंच. उंच, रुंद खांद्यांची, हसली की खोली भरून टाकणारी बाई. इस्त्रीत मात्र तिचा हात नव्हता. पहिल्याच महिन्यात तिनं डॉक्टरच्या कोटावर इस्त्रीचा असा शिक्का उठवला, की डॉक्टरनं तो कोट घरात घालायला ठेवला. पुढे एकदा कपडे पोचवणारा टेम्पोवाला आजारी पडला आणि सुनेनं तो टेम्पो आमच्या अरुंद बोळातून मागे-मागे घेत बाहेर काढला. दोन्हीकडच्या भिंती जशाच्या तशा. आत्या काउंटरवरून बघत होती. त्याच क्षणी तिनं निकाल लावला, की या पोरीचा हात इस्त्रीसाठी नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुनेला दंडाला धरून शहराच्या बस डेपोत नेऊन उभं केलं.

गल्लीत कुजबुज झाली. बाई बस चालवणार म्हटल्यावर उंटावरून शेळ्या हाकणारे शहाणे कुठल्याही गल्लीत निघतातच. एकानं तर लाँड्रीतच येऊन विचारलं, की सुनेला बसवर घातलंत, मग घरचं कोण बघणार? घर काय पळून जातंय का, ते कधी रिव्हर्समध्ये जाताना पाहिलंयस, असं आत्यानं विचारलं आणि त्याचे कपडे तिनं नेहमीपेक्षा चांगले धुऊन दिले, म्हणजे परत आल्यावर त्याला बोलायला तोंड राहू नये.

सून शिकली, आणि मन लावून शिकली. शेवटी परीक्षेचा दिवस ठरला. आधी डेपोच्या मैदानावर, मग रस्त्यावर, दुपारच्या जेवणानंतर. ही परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची आणि पुढच्या खेपेपर्यंत सुनेचं वय नियमाबाहेर जाणार होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच दुपारी. दुसरा नियम असा, की डेपोचा गणवेश अंगावर नसेल तर मैदानात पाऊल टाकू देत नाहीत, मग तुम्ही कितीही मोठे चालक असा. गणवेश मिळायचा एकच जोड, तोही परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. उरलेले पास झाल्यावर.

आणि इथंच आमच्या घराची रीत आडवी आली. आत्याच्या घरात कोरा कपडा धुतल्याशिवाय अंगाला लागत नाही. तान्ह्या बाळाचं झबलं असो की नवरदेवाचा कोट, खळ निघाली पाहिजे, दुकानाचा वास गेला पाहिजे. सुनेनं गणवेश आणला, तो पुठ्ठ्यासारखा कडक होता आणि त्याला गोदामाचा वास मारत होता. संध्याकाळभर मशिनं एका हॉटेलच्या चादरींत गुंतलेली. सून म्हणाली, राहू द्या, तसाच घालते. आत्यानं हातातला फडका खाली ठेवला.

"लाँड्रीवालीची सून खळीच्या कपड्यात परीक्षेला जाणार? मग उद्यापासून बाहेर पाटी लावते, इथं दूध मिळेल म्हणून."

तेव्हा सकाळी उठल्या उठल्या शर्ट-पँट धुतली गेली आणि ड्रायरमध्ये पडली. आत्यानं दार नेहमीप्रमाणे दणकन लावलं. ढोल फिरायला लागला. काचेतून तो निळा शर्ट वर जायचा, दोन्ही हात पसरून खाली पडायचा, पुन्हा वर जायचा. सून ते बघून हसली. माझ्याआधी हाच परीक्षा देतोय, म्हणाली.

शिट्टी वाजली, ढोल थांबला. एरवी शिट्टीनंतर आतलं कुलूप आपोआप टक् करून सुटतं आणि दारावरचा लाल दिवा विझतो. त्या दिवशी दिवा विझला नाही. आत्यानं दार ओढलं. दार ढिम्म. तिनं दुसरा हात लावला, मग एक पाय भिंतीला लावला. शेवटी तिनं ड्रायरला त्याच्या कारखान्यापासून सुरुवात करून जे काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

मग सुरू झाली उपायांची जत्रा. आत्यानं बटण दाबून मशीन पुन्हा चालू केलं आणि बंद केलं. लाल दिवा तसाच. तिनं भिंतीवरचा खटका पाडून लगेच वर केला. दिवा क्षणभर गेला आणि डोळा मिचकावून परत आला. मुलांनी दार उघडू नये म्हणून एक वेगळं कुलपाचं बटण असतं, ते कुणाच्या हातून दाबलं गेलंय का तेही सुनेनं पाहिलं. तसं काही नव्हतं. दूधवाला आला, त्यानं एकदा चालू करून पाहिलं. कपडे न्यायला आलेल्या शिक्षिकाबाईंनी त्यांच्या घरच्या मशिनाला असं केलं की उघडतं म्हणून तीनतीनदा चालू करून पाहिलं. सलूनवाला हाताला फेस लागलेला तसाच धावत आला. त्यानंही आपलं पुण्य पदरी पाडून घेतलं. ज्याला त्याला वाटायचं, मघाच्या माणसाला जमलं नाही, आपल्याला जमेल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं अख्खी गल्ली बाशिंग बांधून उभी होती.

शेवटी सुनेनं मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका पंपाशी झटत होता, उद्याशिवाय येणं शक्य नव्हतं. पण माणूस भला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग एवढंच विचारलं, की दिवा अडकल्यापासून मशीन किती वेळा चालू केलंत? लाँड्रीत जमलेले सगळे एकमेकांकडे आणि मग फरशीकडे बघायला लागले. तो म्हणाला, दोनच कपडे घातले की ढोल जास्त तापतो, आणि गरम असेतो ते कुलूप सोडत नाही, हात भाजू नये म्हणून. तुम्ही दरवेळी चालू केलंत, दरवेळी ते नव्यानं तापलं. आता प्लग काढा आणि कुणी हात लावू नका. निवलं की टक् असा आवाज येईल.

आत्यानं प्लग काढला, वायरची गुंडाळी केली आणि ती ड्रायरच्या डोक्यावर ठेवली. मग ड्रायरपुढे स्टूल टाकून बसली. जो हात लावेल त्याचा हात आतोबांच्या टेबलावर ठेवीन, असं तिनं जाहीर केलं. सलूनवाल्यानं हात खिशात घातले.

वाट बघणं हा गुण आत्याच्या अंगात देवानं घातला नव्हता. ती स्वतःचेच दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, आणि पाय मात्र ठेका धरून हलत होते. सून बादलीचं झाकण दोन्ही हातांत धरून डोळे मिटून उभी. डावीकडे वळण, आता चढ, आता थांबा, असं तोंडातल्या तोंडात म्हणत ती ते झाकण फिरवत होती. तिला दुसऱ्या कुणाचा गणवेश मागता आला नसता का, असं वाटेल. तिच्या तुकडीतला जवळ राहणारा एकच जण, आणि त्याच्या शर्टात तिचा एक हात मावला असता.

ऊन दारातून सरकत काउंटरच्या पायाशी आलं. आतोबांनी जेवणाचा डबा उघडला, कुणी खाल्लं नाही, त्यांनी तो परत लावला. आणि तेवढ्यात ड्रायरच्या पोटातून आवाज आला. टक्.

आत्या स्टुलावरून अशी उठली की स्टूल आडवं झालं. मूठ धरून तिनं ओढलं. दार उघडलं नाही. पुन्हा ओढलं. मग सुनेनं ओढलं, आणि तिचे हात म्हणजे बसचं चाक फिरवणारे हात. मग सलूनवाल्यानं मागून आत्याला धरलं आणि दोघांनी मिळून ओढलं. ड्रायर भिंत सोडून हातभर पुढे आला. दार तसंच.

आता सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुलूप सुटल्याचा आवाज तर सगळ्यांनी कानांनी ऐकलेला, मग आता धरलंय कुणी? डेपोत हजेरी सुरू व्हायची वेळ जवळ आली होती. आत्यानं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात तिच्या सासऱ्याच्या वेळची कोळशाची जुनी इस्त्री दाराला टेकू म्हणून ठेवलेली असते. चांगली जड, अस्सल लोखंडाची. ती तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि ड्रायरच्या काचेसमोर उभी राहिली. ज्या ड्रायरवर धूळ बसली तर ती पदरानं पुसायची, त्याच्यापुढे.

"सगळे मागे व्हा," ती म्हणाली. "दार नवं येईल."

सुनेनं तिचं मनगट धरलं. "आई, काच शर्टात जाईल. उघडूनही घालता येणार नाही."

इस्त्री खाली आली. त्या खोलीत आत्या आहे आणि आवाज नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. सलूनवाला मला नंतर म्हणाला, की त्याला तेव्हा खरी भीती वाटली. आत्या स्टूल सरळ करून त्यावर बसली आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "तू तसाच घालते म्हणत होतीस. मीच हेका धरला. तुझी परीक्षा गेली ती माझ्या खळीपायी."

सून तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुम्ही दंड धरून डेपोत ओढून नेलं नसतं, तर आज अडायला माझं काही नव्हतंच."

आतोबा एव्हाना इस्त्री उभी करून टेबलामागून बाहेर आले होते. ते ड्रायरपुढे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी एक डोळा मिटला. शर्टाची घडी सरळ आली की नाही ते ते असंच बघतात. दार आणि मशीन यांच्यामधल्या फटीवरून त्यांची नजर वरून खाली फिरली. मग त्यांनी बोटानं दाखवलं. बिजागरीच्या बाजूला फट सारखी होती. मुठीच्या बाजूला वर ती रुंद होती आणि खाली दाराचा काठ मशिनाला घासत होता.

"दार मुठीच्या अंगाला खाली बसलंय," ते म्हणाले. "आतला आकडा भोकाच्या काठात रुतलाय. आपण ओढतोय तसा अजून रुततोय. ओढू नका. वर उचला, आणि आधी आत ढकला."

बंदच असलेलं दार आणखी आत ढकलून काय होणार, असं सलूनवाल्यानं विचारलं. आतोबांचा शब्दांचा साठा संपला होता, त्यांनी नुसती मान हलवली.

आत्या त्या फटीकडे बघत राहिली. मग तिनं आपल्या उजव्या कोपराकडे पाहिलं. दार का बसलं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि आतोबांनी ते सांगितलंही नाही. ती उठली, तिनं पदर खोचला. दोन्ही तळवे दाराच्या काठाखाली घातले, गुडघा काचेखालच्या पत्र्याला लावला. एवढी वर्षं ज्या अंगानं ते दार खाली दाबलं, तेच अंग तिनं त्याच्याखाली घातलं आणि वर उचललं. दार केसभर वर आलं. मग तिनं गुडघ्यानं ते आत ढकललं. उभ्या जन्मात आत्यानं अडलेली वस्तू पुढे ढकलली ती ही पहिली. आत काहीतरी खळ् करून निसटलं.

तिनं हात सैल सोडले, आणि दार कपाटाचं दार उघडावं तसं अलगद, आपल्या आपण बाहेर आलं.

मग सलूनवाल्यानं शिट्टी घातली आणि त्याचा तोंडाला फेस लावून बसवलेला माणूस समोरून ओरडून विचारायला लागला, की उघडलं का? उघडलं, असं आत्यानं त्याला सांगितलं, आणि ते पुढच्या चौकातही ऐकू गेलं असणार.

शर्टाची मात्र दैना झाली होती. पुन्हा पुन्हा तापून आणि तसाच पडून राहून त्याच्यावर शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या बसल्या होत्या. आता खेळ आतोबांचा. त्यांनी पाणी शिंपडलं, कॉलर पसरली. आत्या शेजारी उभी राहून लवकर, लवकर म्हणत होती. ते काही लवकर करेनात. कॉलर, मग खांदा, मग बाह्या, मग समोरची पट्टी. ज्या क्रमानं त्यांनी जन्मभर शर्ट केले त्याच क्रमानं. शेवटी बाहीची घडी त्यांनी बोटानं अशी मारली, की तिच्यावर लिंबू कापावं. सून टांगलेल्या चादरींमागे गेली ती लाँड्रीतली सून म्हणून, आणि बाहेर आली ती बसचालक होऊन. शर्टाच्या बटणपट्टीत इस्त्रीची ऊब अजून होती. सलूनवाल्यानं स्कूटर काढली, ती मागे बसली आणि ते गेले.

आत्यानं शटर खाली ओढलं. भर दुपारी लाँड्री बंद. ती आणि आतोबा चालत डेपोकडे निघाले.

मैदानाच्या तारेच्या कुंपणाला आत्या दोन्ही हातांनी धरून उभी होती. सुनेचं नाव पुकारलं तेव्हा ती रांगेत होती, वेळेत होती. आधी आठच्या आकड्यासारखं वळण, मग चढावर थांबून पुन्हा सुरू करणं, आणि शेवटी पिंपांच्या दोन ओळींमधून लांबलचक बस मागे घेणं. तिच्याआधीच्या तिघांनी तिथं पिंपं लोळवली होती. तिनं आरशात पाहिलं, मान बाहेर काढली, पुन्हा आरशात पाहिलं. बस मागे येत राहिली, पाण्यावरून होडी यावी तशी. एकही पिंप हललं नाही. परीक्षकानं मुद्दाम जवळ जाऊन चाक आणि पिंप यांच्यातलं अंतर पाहिलं आणि हातानं रस्त्याकडे खूण केली. बस फाटकातून बाहेर पडली, गर्दीत मिसळली आणि बऱ्याच वेळानं त्याच फाटकातून परत आली, ओरखड्याविना. परीक्षकानं खाली उतरून तिच्याशी हात मिळवला. तो काय बोलला ते कुंपणापर्यंत आलं नाही. पण सुनेनं वळून दोन्ही हात वर केले, आणि आत्यानं जी काय ललकारी ठोकली, तिनं डेपोच्या छपरावरची कबुतरं उठली.

दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी आला. त्यानं बिजागरीचे स्क्रू आवळले, वाकलेला आकडा बदलला आणि हे दार एवढं बसलं कसं, असं विचारलं. आतोबांनी खोकला काढला. आत्या म्हणाली, दमलं असेल बिचारं, काम काय कमी करतं का. हल्ली दुपारी गप्पांसाठी ती भिंतीला टेकते. गिऱ्हाइकांना ती ही हकिगत सांगते तेव्हा फट तीच हेरते, दार तीच उचलते, आणि आतोबा कॉलरवर इस्त्री फिरवत मान डोलावतात.

सुनेच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी आत्या सकाळीच स्टॉपवर जाऊन उभी राहिली. बस आली, दार उघडलं. आत्या चढली, पूर्ण तिकीट काढलं आणि चालकाच्या बरोब्बर मागच्या सीटवर बसली. शेजारच्या प्रवाशाला तिनं तो काही विचारायच्या आत सांगितलं, की ही माझी सून. मग पुढच्याला, मग मागच्याला. पुलाचा चढ आला तेव्हा मात्र ती बोलायची थांबली आणि वर पोचेपर्यंत चाकावरच्या त्या दोन हातांकडे बघत राहिली. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले, आत्याही उतरली. ती बसला वळसा घालून पुढे गेली, काचेतून वर बसलेल्या सुनेला नीट डोळे भरून पाहिलं. मग परतीच्या रांगेत जाऊन सगळ्यांत पुढे उभी राहिली.